वायोमिंगचा वारा आणि मागे २६ फुटी ट्रेलर: आय-८० ने जावं की नाही?

ऑरोराची_लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. या वर्षी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. २६ फुटी, मागच्या टोकाला बंक बेड, एक स्लाइड (थांबल्यावर बाहेर सरकवायचा भाग). ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक आहे, चार दारांचा. आत्तापर्यंत चेरी क्रीक आणि एस्टेस पार्क अशा जवळच्याच फेऱ्या झाल्या आणि सगळं छान चाललं होतं.

सप्टेंबरात साताऱ्याहून आई-बाबा येतायत आणि त्यांना घेऊन यलोस्टोनला जायचंय. तिथल्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला जागा मिळालीय, तीही कोणीतरी रद्द केली म्हणून, त्यामुळे तारखा पक्क्या आहेत. मार्ग असा ठरवलाय: फोर्ट कॉलिन्स, तिथून यूएस २८७ रस्त्याने लॅरमी, मग आय-८० महामार्गाने रॉलिन्स, पुन्हा २८७ धरून लँडर, डुबॉइस, टोग्वोटी पास आणि मोरान.

तर मागच्या महिन्यात आय-२५ ने वेलिंग्टनच्या पुढे गेलो होतो. पश्चिमेकडून वारा होता, फार काही वादळ वगैरे नाही. एक मोठा ट्रक डावीकडून पुढे गेला आणि आमचा ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला गेला, मग उजवीकडे फेकला गेला, मग परत डावीकडे. नवऱ्याने वेग कमी केला आणि तो शांत झाला, पण घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तेव्हापासून नवरा आय-८० वर आर्लिंग्टनला आडव्या झालेल्या ट्रकांचे व्हिडिओ बघत बसतो आणि म्हणतो, ट्रेलर राहू दे, हॉटेलं करू. ज्याच्याकडून घेतला तो डीलर म्हणतो, "बिनधास्त जा, तुमची गाडी ११,००० पौंड ओढते." बाबांचा फोनवरून तिसराच तोडगा: "मी आणि आई मागे ट्रेलरमध्येच बसतो, म्हणजे शेपटाला वजन राहील आणि तो हलणार नाही."

आमच्याकडे साधा वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (वजन वाटून देणारा ट्रक-ट्रेलरचा सांधा) आहे, स्प्रिंग बारवाला, आणि बाजूला हेलकावे दाबणारा एक फ्रिक्शन बार. अजून काही घ्यायला हवं का? आणि तो लॅरमी ते रॉलिन्सचा पट्टा खरंच इतका वाईट आहे का?

उंटावरचा_शहाणा

हॉटेलं करा. ट्रेलरचं पेट्रोल, हिच, टायर, विमा, पार्किंग सगळं धरलं तर लॉज स्वस्त पडतो. (मी ट्रेलर विकून मोकळा झालो, त्यामुळे माझं मत तेवढ्यापुरतंच घ्या.)

शायानकर

बाबांचा प्रस्ताव आधी निकालात काढतो. धावत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही. ना सीटबेल्ट, ना एअरबॅग, आणि तो उलटला तर आत लाकडी पट्ट्या आणि पातळ पत्रा, एवढंच. आणि त्यांनी मागे बसून तो हलायचा थांबणार तर नाहीच, उलट वाढेल. गंमत म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर याच प्रस्तावात आहे.

मी मूळचा इस्लामपूरचा. साताऱ्याच्या माणसाला उसाच्या ट्रॉल्या सांगायला नकोत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीत मोळ्या कशाही रचल्या असल्या की ती रस्ताभर झाडू मारत जाते. ट्रॅक्टर सरळ चाललेला असतो, शेपूट डावी-उजवी करत असतं. तिथे वेग कमी म्हणून निभावतं. तुम्ही हेच ताशी ६५ मैलांनी करताय.

ट्रकच्या मागे ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात तो बॉल, ट्रेलर त्याच्याभोवती फिरतो. त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे असला तर एकदा हललेला ट्रेलर दोन-तीन हेलकाव्यांत आपोआप सरळ होतो. वजन मागे सरकत गेलं की सरळ व्हायला जास्त वेळ लागतो. आणि प्रत्येक ट्रेलरचा एक वेग असतो, ज्याच्या वर पुढचा हेलकावा आधीच्यापेक्षा मोठाच होतो. त्यापुढे ड्रायव्हर कितीही चांगला असो. हा वेग कुठे छापलेला नसतो, तो तुम्ही सामान कसं भरलंय त्यावर ठरतो. म्हणून बॉलवर पडणारं वजन, म्हणजे टंग वेट, ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. मी १२ च्या खाली वायोमिंगात शिरणार नाही. तुमच्या वर्णनावरून मला तुमचं १० च्याही खाली वाटतंय, पण तर्क कशाला लढवायचे, मोजून घ्या.

आता वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. तुमच्या ट्रेलरची खोकी बाजूने धरली तर साधारण १९० चौरस फूट. ताशी २० मैलांचा आडवा वारा तिच्यावर १९० ते २०० पौंडांनी रेटतो. ४० ला तेच ७८० होतं. ६० ला साडेसतराशे. आकार चपटा आणि चौकोनी, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच. म्हणजे वाऱ्याचा वेग दीडपट झाला की रेटा सव्वादोनपट. "काल ३५ मध्ये आलो, आज ५० आहे, जरा हळू जाऊ" असं म्हणणारे लोक हा वर्ग विसरतात.

डीलरचे ११,००० पौंड विसरा. तो आकडा जाहिरातीचा, गाडीत जेमतेम एक-दोन माणसं धरून काढलेला. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर असेल: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. तुमची खरी मर्यादा ती. पाच माणसं, टंग वेट आणि हिच हे तिन्ही त्याच आकड्यातून जातं.

एक काम करा. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्यांचा वजनकाटा असतो, फार खर्च नाही. जायच्या दिवशी जसं भराल तसं सगळं भरा, घरातली माणसं बसवा, पेट्रोलची टाकी फुल करा आणि तीनदा वजन करा. एकदा स्प्रिंग बार लावून, एकदा बार सोडून, आणि एकदा ट्रेलर बाजूला लावून नुसत्या ट्रकचं. दुसऱ्यातल्या ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतून तिसऱ्यातली बेरीज वजा केली की टंग वेट. शिवाय टेप घेऊन पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची तिन्ही वेळा मोजा. आकडे इथे टाका, मग हिचचं बोलू. त्याआधी एक डॉलरही खर्च करू नका.

ऑरोराची_लेक

धन्यवाद काका (काकाच म्हणते, राग नसावा). शनिवारी जाऊन आलो. आई-बाबांऐवजी शेजारचं जोडपं बसवलं, त्यांना भजी खिलवायच्या बोलीवर.

दारावरचा स्टिकर: १,५४० पौंड. ट्रेलर एकूण: ६,४८०. टंग वेट: ५९०. कमानीची उंची नुसत्या ट्रकला पावणेअडतीस इंच, ट्रेलर लावून बार सोडले तर ३९, बार लावून सव्वाअडतीस.

५९० म्हणजे ९ टक्के. नवरा आकडा बघून गप्पच झाला. मग ट्रेलरमध्ये काय-काय कुठे आहे त्याची यादी केली. मागच्या बंपरवर रॅक आणि दोन सायकली. बंक बेडवर तांदूळ, कणीक, दोन कुकर, खुर्च्या, गॅसची शेगडी, कारण ती जागा रिकामी दिसते. आणि ताज्या पाण्याची ४० गॅलनची टाकी भरलेली. ती बंक बेडच्या खाली, म्हणजे चाकांच्या मागे आहे हे आम्हाला आत्ता कळलं.

आता काय काढू? आणि सगळं पुढे सरकवलं की स्टिकरच्या १,५४० चं काय?

काटेकोर

मी टेक्सासात अमरिलोला असतो, ३२ फुटी ओढतो. आमच्याकडे झाड दिसलं तर लोक फोटो काढतात, तेव्हा वाऱ्याचं मला सांगू नका. माझं मत: फ्रिक्शन बार हे खेळणं आहे. फिरण्याचा बिंदू ट्रकच्या मागच्या ॲक्सलजवळ नेणारे जे हिच मिळतात, हेन्सली, प्रोप्राइड वगैरे, त्यातला एक घ्या. नवा साधारण तीन हजार डॉलरच्या घरात जातो, जुना शोधला तर स्वस्तात मिळतो. माझा ट्रेलर तेव्हापासून शेपटी मारायचा पूर्ण थांबला. ट्रक शेजारून गेला तरी ट्रेलर आणि गाडी एकसंध सरकतात. शायानकर म्हणतात ते वजनाचं बरोबर आहे, पण घरच्या माणसांना घेऊन जायचं तर इथे काटकसर का करायची?

आणि तो २८७-लॅरमी मार्ग सोडा, सरळ आय-२५ ने कॅस्पर, मग शोशोनी, रिव्हरटनवरून डुबॉइस. आय-८० टळतो.

शायानकर

राग कसला, केस पांढरेच आहेत.

ऑरोराताई, तुमचं दुखणं सापडलं. सायकली आणि रॅक मिळून १०० पौंड धरा, चाकांच्या मागे साडेनऊ फुटांवर. पाणी ४० गॅलन म्हणजे ३३३ पौंड, मागे पाचेक फुटांवर. बॉलपासून चाकांचं अंतर १६ फुटांच्या आसपास असेल. तरफेचा हिशेब केला तर सायकली उतरवून बॉलवर ५९ पौंड वाढतात, पाणी सोडून १०४. बंक बेडवरचं ५० पौंड सामान घरी ठेवलंत तर अजून २२. म्हणजे टंग वेट ७७५ च्या आसपास आणि ट्रेलर एकूण सहा हजारांच्या आत. जवळपास १३ टक्के. एकही नवी वस्तू न घेता.

पाणी फिशिंग ब्रिजला नळाला मिळतं, इथून वाहून न्यायची गरज नाही. वाटेत पिण्यापुरतं दोन कॅन घ्या. काही लोक म्हणतात टाकी भरली की गुरुत्वमध्य खाली येतो, वाऱ्यात बरं. ज्यांची टाकी चाकांच्या पुढे आहे त्यांना ते लागू. तुमची मागे आहे. अर्धी तर कधीच ठेवू नका, आत हिंदकळत राहते.

आता १,५४०. टंग ७७५, हिचचं लोखंड ९० च्या घरात, तुम्ही पाच जण ६४० धरू. झाले १,५०५. उरले ३५ पौंड. स्प्रिंग बार त्यातलं थोडं मागे ट्रेलरच्या चाकांवर टाकतात, तरी ते जमेला धरू नका. म्हणजे ट्रकचा मागचा हौदा रिकामा जाणार. कूलर, जनरेटर, सरपण, काही नाही. जे न्यायचं ते ट्रेलरमध्ये, चाकांच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. कुकर एकच. तांदूळ लँडरला पण मिळतो, बासमतीचा हट्ट सोडला तर.

कमानीचे आकडे चांगले आहेत. ट्रेलर लावल्यावर पुढचा भाग सव्वा इंच उचलला गेला होता, बार लावून पाऊण इंच परत खाली आला. ही उचल तशीच राहिली तर पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकं वाऱ्यात स्टिअरिंग पोकळ लागतं. टंग वाढलं की पुन्हा मोजा, बहुतेक साखळीची एक कडी कमी करावी लागेल.

काटेकोरसाहेब, तुमचा हिच उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. पण वाऱ्यात तीन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक तिन्ही एकाच पोत्यात भरतात. एक, ट्रेलर शेपटी मारतो. दोन, ट्रक आणि ट्रेलर दोन्ही मिळून शेजारच्या लेनमध्ये ढकलले जातात. तीन, ट्रेलर कलंडतो. तुमचा हिच पहिल्यावर रामबाण, दुसऱ्यावर थोडाफार, तिसऱ्यावर शून्य. त्या १९० चौरस फुटांवर पडणारे पौंड कोणताही हिच कमी करत नाही. उलट मी बघितलंय, महागडा हिच लावला की माणूस ५० च्या झोतात बाहेर पडतो, कारण आता "आपल्याकडे तो आहे". मागचा वजनाचा घोळ तसाच ठेवून वर तीन हजार घालणं तर मला अजिबात पटत नाही.

आणि आय-२५ चं म्हणाल तर शायान आणि व्हीटलंडच्या मध्ये बोर्डोचा पट्टा आहे. तिथेही ट्रक आडवे होतात. आगीतून फुफाट्यात.

आता लॅरमी-रॉलिन्स. वाईट आहे का? आहे, पण तो का वाईट आहे ते कळलं की वागणं सोपं जातं. रॉकीजच्या रांगेत दक्षिण वायोमिंगला एक सखल खिंडार आहे, पश्चिमेकडची हवा तिथून घुसते. पुढे एल्क माउंटन आणि मेडिसिन बोच्या डोंगरांना घसटून ती अजून जोर धरते, आणि आय-८० नेमका त्या डोंगरांच्या पायथ्याने नेलाय. जुना रस्ता, यूएस ३०, उत्तरेला वळसा घालून रॉक रिव्हर, मेडिसिन बो, हॅनावरून जायचा. रेल्वेही तिकडूनच. नवा रस्ता वीसेक मैल वाचवतो म्हणून डोंगराच्या कडेने काढला, इथल्या जुन्या लोकांनी नको म्हणून सांगितलं होतं. ऑक्टोबर १९७० मध्ये तो उघडला आणि काही दिवसांतच वादळाने बंद पडला. अजूनही हिवाळ्यात तेच चालतं. आर्लिंग्टनजवळून जाताना फूट क्रीक रिमवर पवनचक्क्या दिसतील. वीज कंपनीने जागा उगाच निवडलेली नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: सप्टेंबर. खरा धिंगाणा नोव्हेंबर ते मार्च. सप्टेंबरात बरेच दिवस शांत असतात, एखादी थंड हवेची लाट येते तेवढा दिवस टाळायचा. म्हणून मी सांगेन, एक दिवस आधी निघा आणि लॅरमीला मुक्काम टाका. तारखा पक्क्या आहेत हे बरोबर, पण पक्की तारीख पोचण्याची आहे, निघण्याची नाही. पहाटे उजाडताच लॅरमी सोडलं तर बहुतेक वेळा दहाच्या आत रॉलिन्स गाठता. ऊन चढलं की वरची जोरकस हवा खाली उतरते आणि दुपारी झोत वाढतात.

वायोमिंगच्या रस्ते खात्याचं ५११ ॲप टाका. रस्त्याकडेचे सेन्सर आहेत, आर्लिंग्टन आणि एल्क माउंटनला आत्ता झोत किती हे दिसतं, कॅमेरेही आहेत. माझी स्वतःची रेघ: झोत ३० च्या आत असतील तर चाललो, ३० ते ४० मध्ये दिशा बघतो, ४० च्या वर चहा टाकतो. समोरून येणारा ४० फक्त पेट्रोल खातो, आडवा ४० वेगळा प्राणी आहे. आणि "हलक्या, उंच वाहनांना बंद" अशी पाटी लागली की चर्चा संपली. तुमचा ट्रेलर त्यातच येतो, आणि पाटी मोडली तर दंड आहे.

मी तुमच्या जागी असतो तर जुन्या यूएस ३० ने गेलो असतो. वीसेक मैल जास्त, दुपदरी रस्ता, पण एल्क माउंटनपासून लांब आणि ट्रकांची रांग नाही. वारा तिकडेही असतो, हॅनाच्या अलीकडे सेव्हन माइल हिलला रस्त्यावरूनच पवनचक्क्या दिसतात, त्यावरून समजा. पण झोत चढला तर ताशी ४५ ने चालता येतं, मागे कोणी हॉर्न मारत नाही.

गाडी चालवणाऱ्यासाठी, म्हणजे तुमच्या यजमानांसाठी. पाटी ७५ ची असली तरी ६० च्या वर नाही. वाऱ्यात ५५. क्रूझ कंट्रोल बंद, टो-हॉल मोड (ओझं ओढताना त्यानुसार गिअर बदलणारी सोय) चालू. आरशात डावीकडून ट्रक येताना दिसला की तो शेजारी यायच्या आधीच आपल्या लेनमध्ये थोडं उजवीकडे सरकून घ्यायचं. वारा डाव्या अंगाने असतो, ट्रक शेजारी आला की तो अडतो आणि ट्रेलर त्याच्याकडे झुकतो, ट्रक पुढे गेला की अडलेला वारा एकदम थप्पड मारतो. तुम्हाला वेलिंग्टनला झालं ते हेच. हे होणार हे माहीत असलं की हात आपोआप सैल राहतात. प्रत्येक धक्क्याला स्टिअरिंगने उत्तर द्यायला गेलं की आपणच झोका वाढवतो.

शेपटी मारायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या ब्रेक कंट्रोलरच्या दोन पट्ट्या चिमटीत दाबा. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. पायाचा ब्रेक नाही. आणि "वेग वाढवून खेचून काढू" हे तर मुळीच नाही, कुठल्या तरी व्हिडिओत ऐकून लोक करतात. यजमानांना एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन ताशी २५ वर ती चिमटी दहा-बारा वेळा दाबायला लावा. हात न बघता तिथे गेला पाहिजे.

काटेकोर

बोर्डोचं लक्षात नव्हतं, मान्य. हिचवर मी माझ्या मतावर ठाम. पण आधी सामान उतरवा, हे खरं.

लिव्हिंग्स्टनची_सून

मी मोंटानात लिव्हिंग्स्टनला. आमच्याकडे वाऱ्यासाठी आय-९० वरचे उंच ट्रक आणि ट्रेलर गावातून वळवतात, तेव्हा मीही या मंडळाची सभासद. चालवण्याचं शायानकरांनी सांगितलंय, मी थांबल्यावरचं सांगते, कारण नुकसान बहुतेक तिथे होतं.

निघण्यापूर्वी ऑनिंगच्या (बाजूला गुंडाळलेल्या कापडी छपराच्या) दोन्ही दांड्यांना वेल्क्रोचा पट्टा बांधा. गुंडाळलेल्या ऑनिंगच्या फटीत वारा शिरला तर ती चालत्या गाडीवर उलगडते आणि मग छपराचा पत्राही सोलते. छतावरच्या खिडक्यांची झाकणं बंद आहेत का ते शिडी लावून बघा, आतून बंद वाटतात. जुन्या ट्रेलरला टीव्हीचा अँटेना असेल तर तो खाली केलाय का तेही.

पेट्रोल भरायला थांबलात की नाक वाऱ्याकडे करून उभं राहा. ट्रेलरचं दार वाऱ्याच्या बाजूला उघडू नका. आमच्या दाराची बिजागरी अशीच गेली, हातातून दार सुटलं आणि भिंतीवर आपटलं. ट्रकच्या दारांचंही तेच. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, दार दोन्ही हातांनी धरायचं. रात्री वारा असेल तर स्लाइड आत घ्या, ट्रकला जोडलेलंच ठेवा आणि मागचे जॅक खाली टेकवा. तरी ट्रेलर हलेल. आईंना झोप लागणार नाही, पण ट्रेलर उलटायचा धोका कमी राहील.

आणि टायर. ट्रेलरच्या टायरांमध्ये बाजूला लिहिलेला पूर्ण दाब भरा, गार असताना. मऊ टायरची भिंत वाऱ्यात लचकते. जुना ट्रेलर घेतलाय म्हणताय, तर टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. सहा-सात वर्षांचे असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, बदला. हिचआधी पैसे इथे.

ठोसेघर

साताऱ्यातून वाचतोय. बाबांना म्हणावं चाळकेवाडीच्या पठारावर बाइकवरून जाताना पावसाळ्यात जे होतं तेच आहे, फक्त मागे घर बांधलंय. जपून या.

ऑरोराची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. टायर बघितले: २०१६ चे! नवे मागवले, लोड रेंज ई (जास्त वजन पेलणारे). सायकली गॅरेजमध्ये, टाकी रिकामी, बंक बेडवर फक्त गाद्या आणि मुलीचा ससा. पुन्हा वजन केलं. ट्रेलर ५,९७०, टंग ७६०. नवऱ्याने वेलिंग्टनपर्यंत फेरी मारली, मुद्दाम दुपारची. ट्रक गेला की धक्का बसतो पण दुसरा हेलकावा येत नाही म्हणतो. हॉटेलचा विषय त्याने स्वतःहून बंद केला.

एक दिवस आधी निघतोय, लॅरमीला मुक्काम, पुढे ३० ने. बाबांना पुढच्या सीटवर बसवणार आहोत आणि ५११ चं खातं त्यांच्याकडे दिलंय, ते साताऱ्यात बसून आत्तापासूनच एल्क माउंटनचा कॅमेरा बघतायत आणि रोज फोनवर वारा सांगतात.

शेवटचे दोन प्रश्न. लँडरच्या कॅम्पग्राउंडला ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायचाय, तेव्हा फ्रिक्शन बारचं काय करायचं? आणि रॉलिन्सनंतर पेट्रोल कुठे?

शायानकर

७६० उत्तम. ५,९७० ला पावणेतेरा टक्के.

फ्रिक्शन बार रिव्हर्स घ्यायच्या आधी काढूनच ठेवायचा. दोन क्लिपा असतात, मिनिटभराचं काम. तसाच ठेवून तीव्र वळण घेतलं तर बार वाकतो, नाहीतर त्याचा छोटा बॉल तुटतो. निघताना परत लावायला विसरू नका, यजमानांना सांगून ठेवा की किल्ली फिरवण्याआधी मागे एक फेरी मारायची. स्प्रिंग बार मात्र सरळ रिव्हर्सला चालतात. जागा खडबडीत किंवा खोलगट असेल तर तेही सोडा.

पेट्रोल रॉलिन्सलाच फुल करा, टाकी निम्म्यावर असली तरी. पुढे लँडरपर्यंत सव्वाशे मैल आहे, मडी गॅप आणि जेफ्री सिटीच्या भरवशावर राहू नका. एरवी ट्रेलर ओढताना गॅलनला १० मैल मिळत असतील तर समोरच्या वाऱ्यात ७ होतात, त्या हिशेबाने बघा. डुबॉइसला पुन्हा भरा, टोग्वोटी ९,६५८ फुटांवर आहे आणि चढ लांब आहे. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नव्हे.